पिळाचा टाका

डबा घासायला घ्यावा म्हणून मी यांच्या ड्युटीच्या पिशवीत हात घातला आणि हाताला लोकर लागली.

रविवारची सकाळ होती. हे न्हाणीघरात होते, तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी ती लोकर बाहेर काढली. वायरच्या गोल सुईवर चढवलेला अर्धा स्वेटर होता तो, बायकी मापाचा. गळ्यापासून खाली विणत आणलेला, काळ्या रंगाचा, आणि खांद्याभोवतीच्या गोल योकवर पांढऱ्या आणि गाजरी लोकरीची नक्षी. हातात धरला तर वजनच लागेना. आमच्या महाबळेश्वरच्या बाजारात टांगलेले स्वेटर अंगात घातले की गोधडी पांघरल्यासारखं होतं. हा ओंजळीत मावला असता.

शहाऐंशी सालचा डिसेंबर तो. हे गावाबाहेरच्या टेकडीवर हवामान खात्याच्या वेधशाळेत निरीक्षक होते, आणि मी बाजारपेठेतल्या गफूरशेठच्या दुकानाला स्वेटर विणून द्यायची. बारा वर्षं तेच काम. त्यामुळे विणलेली वस्तू हातात आली की ती कुणी विणली, घाईत विणली की निवांत, हे मला सांगावं लागत नसे. मी योक उजेडाकडे धरला. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, डोळे फुटतात नुसते, पण पांढऱ्यात दिसतो. नखाने एक टाका ताणून बघितला. दुसरा बघितला.

प्रत्येक टाक्याला तळाशी पीळ होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. सगळ्या बायका सुई टाक्याच्या पुढच्या अंगाने घालतात. आमची आई मागच्या अंगाने घालायची. कुणाकडून तसं शिकली देव जाणे, पण त्यामुळे तिच्या प्रत्येक टाक्याला पायाशी एक पीळ पडायचा आणि वीण घट्ट यायची. गफूरशेठ त्याला 'तुमच्या घरचा टाका' म्हणायचे. सबंध गावात तसं विणणाऱ्या तिघीच. आई, मी आणि माझी धाकटी बहीण शालन. आईने आम्हाला शिकवलं तेव्हा एकीला डाव्या हाताला बसवलं, एकीला उजव्या. समोर बसू द्यायची नाही. समोरून बघितलं की हात उलटा शिकतो, म्हणायची, आणि समोर बसलेलीच्या डोक्यात सुई मारायची.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. हा स्वेटर मी विणलेला नव्हता. राहिली कोण?

न्हाणीघराचं दार वाजलं तसा मी स्वेटर होता तसा पिशवीत कोंबला आणि डबा घेऊन मोरीवर बसले. डबा तीन वेळा घासला.

शालनचा नवरा दोन वर्षांपूर्वी घाटात जीप उलटून गेला होता. मूलबाळ नव्हतं. वेधशाळेच्या वाटेवर तिचं दोन खोल्यांचं घर, तिथे ती बालवाडी चालवायची. नवरा गेल्यापासून तिने सुयांना हात लावला नव्हता. गफूरशेठने काम देऊ केलं, मीही गळ घातली, पण तिचं एकच. "अक्का, मन लागत न्हाय गं त्यात." मी समजून घेतलं होतं. यांना तर मीच सांगायची, जाता येता तिच्याकडे डोकावत जा, पत्रे बघा, नळ बघा, एकटी बाई आहे. मीच सांगायची. ते आठवलं आणि स्वतःचीच चीड आली.

आता सगळं जुळत गेलं. माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा तराजू, शेजारणीचं हसणं, काही म्हणता काही मी सरळ घेत नसे. पण आजवर नवऱ्यावर कधी वेळ आली नव्हती. शालनचं आणि माझं माप एकच, लग्नाआधी आम्ही एकमेकींचे ब्लाउज घालायचो. म्हणजे स्वेटर तिच्या मापाचा. टाका तिचा. योकवरच्या पहिल्या ओळी जरा ओढलेल्या, पुढे हात सैल होत गेलेला, म्हणजे दोन वर्षं सुया न धरलेल्या बाईचा हात. आणि पिशवी माझ्या नवऱ्याची. एवढंच कळत नव्हतं, की नक्षी इतकी विचित्र का. गोल योकवर एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो. इथे डोंगरासारखे सात उंचवटे होते आणि एकाची उंची दुसऱ्याला जुळत नव्हती. शालन असली चूक करणारी नव्हे. मन थाऱ्यावर नसलं की होतं असं, मी मनाशी म्हटलं, आणि त्या विचाराने अजूनच पेटले.

सोमवारी गफूरशेठकडे गेले. पुरा झालेला स्वेटर गल्ल्यावर ठेवला आणि सहज विचारल्यासारखं केलं. "शेठ, दोन प्लायची काळी लोकर आहे का हो? हलकी, मऊ."

शेठ माझ्याकडे बघायचं सोडून घडी घालत राहिले. "नाही वहिनी. ती आपण ठेवत नाही."

"मागवली नाहीत कुणासाठी?"

"मागवली असेल. आठवत नाही."

ज्या माणसाला बारा वर्षांपूर्वीच्या मफलरीचा रंग आठवतो, तो म्हणे आठवत नाही. मी तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांचा नाइलाज झाला.

"साहेबांनी मागवली होती, पुण्याहून," ते हळूच म्हणाले. "कुणासाठी ते मला विचारू नका. मी शब्द दिलाय." आणि गालातल्या गालात हसले.

म्हणजे बाजारालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

त्या संध्याकाळी मी यांचा जुना कोट अंगावर घेऊन विणायला बसले. माझा स्वतःचा स्वेटर नव्हता. एक जाडाभरडा होता तो घातला की उजवा खांदा धरायचा, म्हणून दिला कुणाला तरी. हे नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसले. मी टाके घालता घालता यांच्यावर नजर ठेवून होते. अर्धा तास झाला, पान उलटायचं नाव नाही. हा माणूस वाचत नाही, मी मनात म्हटलं, हा कुणाचा तरी विचार करतोय.

"काय आहे पेपरात?" मी विचारलं.

हे दचकले. "काही नाही. नेहमीचंच."

"मग इतका वेळ काय बघताय?"

"काही नाही गं," म्हणाले, आणि घाईघाईने पान उलटलं.

बुधवारी रात्री हे झोपल्यावर मी पुन्हा पिशवी बघितली. स्वेटर दोन बोटं वाढला होता. मी ओळी मोजून ठेवल्या. गुरुवारी यांची सुट्टी. नाश्ता झाला तसे हे उठले, म्हणाले, "शालनचा नळ गळतोय, बघून येतो." आणि पिशवी खांद्याला लावली.

"नळाला पिशवी कशाला?"

"पाना आहे आत."

गेले ते तीन तासांनी आले. जेवले आणि आडवे झाले. घोरायला लागल्याबरोबर मी पिशवीत हात घातला. पाना होता, आणि स्वेटर सहा ओळी वाढला होता. तीन तासांत सहा ओळी. शेजारी बसून विणलं असणार, गप्पा मारत मारत. मी स्वेटर पदराखाली घेतला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. रस्त्याने जाताना मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, आणि दर वळणावर त्यात एकेक शब्द वाढत होता.

बालवाडी सुटली होती. शालन ओट्यावर बसून पाट्या पुसत होती.

"ये की अक्का. एवढ्या उन्हाचं?"

मी स्वेटर तिच्या मांडीवर टाकला.

तिने पाटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि स्वेटर उलगडला. "आगं बया. किती हलका हाय. कुणाचा गं?"

"तूच सांग."

"मी काय सांगू?"

"यांच्या पिशवीत सापडला. रविवारपासून बघतेय मी. रोज वाढतोय. आज सकाळी सहा ओळी वाढला, तुझ्याकडे नळ बघायला आले होते तेव्हा."

शालन माझ्याकडे बघत राहिली. अजून तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते मला नाटक वाटलं.

"दाजी अर्ध्या तासात गेलं," ती म्हणाली. "चहासुदिक घेतला न्हाय. वेधशाळेत काम हाय म्हणालं."

"सुट्टीच्या दिवशी?"

"ते मला काय ठावं."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. ठरवलेलं सगळं बोलले, न ठरवलेलंही बोलले. दोन वर्षं मन लागत नव्हतं आणि माझ्या नवऱ्याने लोकर आणून दिली तर बरी बोटं चालायला लागली, असं बोलले. तुझा गेला म्हणून माझा घेतेस का, हेही बोलले. हे वाक्य बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. पण तोंडातून गेलं होतं.

शालन स्वेटर घेऊन उठली, ओट्याच्या कडेला उन्हात गेली, आणि योकवरचा पांढरा भाग बोटांवर ताणला. मग आतून उलटा करून बघितला. बराच वेळ बघत होती. मी धापा टाकत उभी.

"टाका आपल्या घरचा हाय," ती म्हणाली.

"मग?"

"आपला पीळ कुठं वळतो अक्का?"

"म्हणजे?"

"आईचा, तुझा, माझा. उजवीकडं वळतो. हे बघ."

मी बघितलं. रविवारपासून तीन वेळा मी तो स्वेटर हातात घेतला होता. पीळ दिसला तेवढ्यावर माझं भागलं होतं, तो कुठे वळलाय हे बघायची गरज वाटली नव्हती. पांढऱ्या लोकरीचा प्रत्येक टाका डावीकडे वळला होता. सगळा स्वेटर आरशात विणल्यासारखा होता.

"आई आपल्याला समोर का बसू देत नव्हती?" शालनने विचारलं.

मी अजून त्या टाक्यांवरून बोट फिरवत होते.

"हे समोर बसून शिकलेल्या माणसाचं काम हाय. मी तुझ्यासमोर कधी बसले न्हाय. आईच्याबी न्हाय. रोज तुझ्यासमोर कोण बसतं, ते तूच आठव."

माझ्या डोळ्यांसमोर एक वर्तमानपत्र आलं, ज्याचं पान उलटत नव्हतं.

मी ओट्यावर बसले. शालन स्वेटरची घडी घालत होती, हलक्या हाताने, सुईवरचा एकही टाका न गळू देता. घडी माझ्या हातात दिली.

"दाजी उठायच्या आत जाग्यावर ठेव. त्यांना यातलं काय कळू देऊ नगंस. हौसेनं करायला लागल्यात."

"शालन, मी..."

"टाका वळखायला आईनं शिकवलं आपल्याला," ती म्हणाली. "माणूस वळखायचं तुझं राहिलं बघ." मग ती पुन्हा पाट्या पुसायला बसली. मी तिथे आहे हे ती विसरल्यासारखी बसली होती, आणि मला उठून जाण्यावाचून दुसरं काही करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचा गरम डबा घेऊन वेधशाळेत गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. खिडकीतून आत बघितलं. हे स्टुलावर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरलेली, आणि सुया उलट्या हातांत. मी उजव्या हाताने जे करते ते हे डाव्याने करत होते. टेबलावर काचेच्या पेटीत तापमान नोंदणारं यंत्र होतं, कागद गुंडाळलेला एक गोल डबा आणि त्यावर रेघ काढत फिरणारी टाचणीसारखी लेखणी. शेजारी असाच एक जुना कागद पसरून दाबून ठेवला होता. त्यावर आठवड्याची रेघ होती. दुपारी चढणारी, पहाटे उतरणारी, सात उंचवट्यांची, एकाची उंची दुसऱ्याला न जुळणारी. हे एक टाका घालायचे आणि त्या कागदाकडे बघायचे.

मी चार पावलं मागे गेले, मोठ्याने खोकले आणि हाक मारली. आत स्टूल सरकलं, ड्रॉवर बंद झाला. हे दारात आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संक्रांतीला सकाळी यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्यापुढे ठेवलं. मी काळी चंद्रकळा नेसले होते. त्यावर तो काळा स्वेटर.

"कुणी विणला ते विचार की," हे म्हणाले.

"कुणी?"

"मी."

मी आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं. कसंबसं केलं असणार, पण हे इतके खुशीत होते की यांना ते चाललं. मग सांगायला लागले. दोन हिवाळे समोर बसून शिकलो, म्हणाले, वेधशाळेतला शिपाई हसेल म्हणून तो आला की ड्रॉवरमध्ये लपवायचो आणि घरी येताना पिशवीत घालून आणायचो. ती नक्षी गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या सगळ्यात थंड आठवड्याची आहे. "त्या आठवड्यात तू गफूरशेठचे चार स्वेटर पुरे केलेस आणि स्वतः माझा कोट घालून बसली होतीस. तेव्हाच ठरवलं होतं. खांद्याला जड नाही ना होत?"

"नाही," मी म्हटलं. मला रडू आलं. हे समजले, आनंदाने आलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शालन आली नाही. पाचवीतल्या एका पोरीच्या हाती तिळगूळ पाठवला. यांनी विचारलं, बरं नाही का तिला? मी म्हटलं, असेल. मे महिन्यात तिने वाईच्या शाळेत नोकरी धरली आणि घर सोडलं. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही लग्नकार्यात भेटलो, एकमेकींना वाण दिलं, पत्रं लिहिली. माझ्या घराचा उंबरा तिने ओलांडला नाही आणि मीही तिला कधी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की शालनला महाबळेश्वरची थंडी सोसत नाही.

हे गेले त्या वर्षी ती तेराव्याला आली, अंगणात बसली आणि शेवटच्या गाडीने परत गेली. पुढच्या हिवाळ्यात मी पेटी उघडली तर स्वेटरच्या योकला कसर लागली होती. तिसऱ्या उंचवट्यावर बोट जाईल एवढं भोक. मी बसून नीट केलं. नीट कसलं, माझा टाका उजवीकडे वळला आणि ठिगळ लांबून ओळखू यायला लागलं. उसवलं, पुन्हा केलं. माझ्या हाताला ते उलटं जमेना. तीन दिवस खटपट केली, मग पिशवीत स्वेटर आणि सुया घातल्या आणि वाईची गाडी पकडली.

शालनने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. मी काय बोलायचं ते सगळ्या घाटात ठरवत आले होते, पण दारात त्यातलं काहीच तोंडातून फुटलं नाही. मी स्वेटर पुढे केला आणि भोक दाखवलं.

"त्या दिवशी मी बोलले ते..." एवढंच म्हणता आलं.

"आत ये आधी," ती म्हणाली.

तिने स्वेटर खिडकीशी नेला. टाका ताणून बघितला, तसाच, बावीस वर्षांपूर्वी बघितला होता तसा. "तू घातलेलं ठिगळ उजवीकडं वळलंय," म्हणाली.

"म्हणून तर आले. माझ्याच्याने होत नाही."

"माझ्याच्यानं तरी कसं व्हईल? मी सुया धरल्या न्हाईत अजून."

आम्ही दोघी उभ्याच होतो. मग तिने कोपऱ्यातला पाट ओढला आणि माझ्याकडे सरकवला. पिशवीतून वायरची सुई काढून आपल्याकडे ठेवली, दुसऱ्या दोन सुया आणि लोकरीचा एक तुकडा माझ्या हातात दिला.

"बस आणि साधं विणत राहा," ती म्हणाली. "सावकाश. मी बघून करते."

मी बसले आणि सवयीने शेजारची जागा मोकळी ठेवली. शालनने तिकडे बघितलंही नाही. तिने दुसरा पाट घेतला, माझ्या बरोबर समोर मांडला, आणि त्यावर बसून सुई डाव्या हातात धरली.